बिळाच्या तोंडाशी

१९४२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका छोट्या साथीचा वृत्तान्त छापून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातली काही मुले कॅलिफोर्नियातल्या पनोचे खोऱ्यात गेली होती. तिथे बिळात शिरलेला एक रॅटलस्नेक बाहेर काढण्यासाठी त्यांनी जमीन खणली. धूळ भरपूर उडाली. पुढे चौदा जणांपैकी सात जण ताप, खोकला आणि छातीतल्या दुखण्याने आजारी पडले. सापाने कुणाला काही केले नव्हते. ज्या मातीत तो दडून बसला होता तिची तपासणी झाली, तेव्हा तीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी सापडली. हा रोग मातीतून येतो याचा एक स्पष्ट पुरावा म्हणून या वृत्तान्ताचा उल्लेख आजवर होत आला आहे, आणि तो पुरावा आहेही. पण मला त्यातले दुसरे काही महत्त्वाचे वाटते. पनोचे खोऱ्यात माती सगळीकडे होती. मुले तिच्यावरून चालली, तिच्यावर बसली, आणि अंगाशी आले ते बीळ. गेल्या सव्वाशे वर्षांत या बुरशीचे घर शोधण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत हे बीळ वारंवार समोर आले, आणि प्रत्येक पिढीने त्याची नोंद करून नजर दुसरीकडे वळवली. कोरड्या मुलखातली माती हे या बुरशीचे घर आहे, हे उत्तर चूक नाही, पण ते गावाचे नाव सांगून थांबते. घर कोणते, हे त्यातून कळत नाही. ते घर बिळात आहे, लहान प्राण्यांच्या वस्तीत आणि त्यांच्या मागे उरलेल्या केस-हाडांत आहे, असे मानायला आज पुरेसा आधार आहे, आणि तो आधार कसा हळूहळू साचत गेला हीच या रोगाच्या इतिहासातली मुख्य गोष्ट आहे.

आधी या बुरशीची रीत समजून घेतली पाहिजे. ती फक्त अमेरिका खंडांत आढळते. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि आसपासची राज्ये, उत्तर मेक्सिको, आणि तिथून खाली अर्जेंटिनापर्यंत विखुरलेले काही कोरडे पट्टे हा तिचा मुलूख. जमिनीत ओल असते तोवर ती बारीक तंतूंनी पसरते. ओल आटली की तंतूतली एकाआड एक पेशी मरून पोकळ होते आणि मधल्या जिवंत पेशी पिंपाच्या आकाराच्या कणांसारख्या सुट्या होतात. हे कण जेमतेम ३ ते ५ मायक्रोमीटर लांबीचे असतात, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतील एवढे हलके. तिथे पोचल्यावर बुरशी रूप पालटते. तंतू उरत नाहीत. कण फुगून गोल पिशवी होते, तिच्या पोटात शेकडो नवे कण तयार होतात, पिशवी फुटते, आणि त्यातल्या प्रत्येक कणाची पुन्हा पिशवी होते. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही. बऱ्याच जणांना तर तो होऊन गेल्याचे कळतही नाही. काहींना फ्लूसारखा ताप येतो, काहींना न्यूमोनिया होतो, आणि फार थोड्यांत बुरशी फुप्फुसातून निघून त्वचा, हाडे किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. अशी फैलावलेली बुरशी वर्षानुवर्षे उपचार करूनही पिच्छा सोडत नाही. एकच बुरशी मातीत एक आणि शरीरात दुसरी दिसते. या दोन रूपांमुळे पहिल्या चाळीस वर्षांतला गोंधळ झाला.

१८९२ साली ब्यूनोस आयर्समध्ये अलेहान्द्रो पोसादास या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका सैनिकाच्या त्वचेवरच्या वाढत्या गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला गोल पिशव्या दिसल्या आणि त्या एखाद्या एकपेशीय परजीवी प्राण्याच्या असाव्यात असे त्याला वाटले. थोड्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक एमेट रिक्सफर्ड यांच्याकडे असाच एक रुग्ण आला. तो अझोर्स बेटांवरून आलेला आणि सॅन वाकीन खोऱ्यात शेतमजुरी करणारा माणूस होता. रिक्सफर्ड आणि बाल्टिमोरचे गिलख्रिस्ट यांनी परजीवींचे जाणकार चार्ल्स स्टाइल्स यांचा सल्ला घेतला, आणि १८९६ साली रोगजंतूला नाव मिळाले, कॉक्सिडिऑइडिस इमिटिस. नावाचा पहिला भाग सांगतो की हा जीव कॉक्सिडिया नावाच्या प्राणिपरजीवीसारखा दिसतो. दुसऱ्याचा अर्थ 'जो सौम्य नाही तो'. दोन्ही भाग चुकले. जीव प्राणी नव्हता, आणि रोग बहुतेकांत सौम्यच असतो. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर जे रुग्ण आले ते मरणाच्या दारातले होते, आणि जे आले त्यांच्यावरूनच त्यांनी रोगाची ओळख करून घेतली. रुग्ण कुठल्या मातीत राबत होता याची नोंद त्यांनी केली. त्या मातीला प्रश्न विचारावा असे मात्र त्यांच्या काळाच्या शास्त्राला सुचण्यासारखे नव्हते. रोगाचे घर रोग्याच्या शरीरात आहे, हे तेव्हा इतके उघड वाटत होते.

रुग्णाच्या गाठीतला नमुना प्रयोगशाळेत वाढवू गेले की बशीत पांढरी बुरशी उगवायची, आणि बाहेरून काहीतरी पडून नमुना बिघडला असे समजले जायचे. १९०० साली विल्यम ऑफ्युल्स आणि हर्बर्ट मॉफिट यांनी दाखवून दिले की ती बुरशी बिघाड नाही, तोच रोगजंतू आहे. बशीत तो तंतूंच्या रूपात असतो आणि जनावराच्या शरीरात गेला की पिशवीच्या. इथून मातीकडे जाणारी वाट खुली झाली होती, कारण तंतूंनी वाढणारी बुरशी कुठेतरी शरीराबाहेर राहत असणार हे ओघानेच येते. तरी त्या वाटेने जायला आणखी तीन दशके लागली, आणि धक्का बसला तो एका अपघाताने. १९२९ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नेस्ट डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने जुन्या बशीतले कण हुंगले. हा रोग प्राणघातक मानला जात होता, त्यामुळे आता काय होणार याचा अंदाज सगळ्यांना होता. त्याला न्यूमोनिया झाला, नडग्यांवर दुखऱ्या लाल गाठी उठल्या, आणि तो बरा झाला. त्यानंतर काही वर्षांत दक्षिणेला, सॅन वाकीन खोऱ्यातल्या कर्न परगण्याच्या आरोग्य खात्यात मर्नी गिफर्ड या डॉक्टर काम करू लागल्या. तिथल्या लोकांना 'व्हॅली फीव्हर', खोऱ्यातला ताप, नवा नव्हता. अंगदुखी, ताप, नडग्यांवर गाठी, आणि काही आठवड्यांत माणूस पुन्हा शेतावर. ज्यांच्यात कॉक्सिडिऑइडिसचा गंभीर रोग दिसतो त्यांना आधी हा ताप येऊन गेलेला असतो, हे गिफर्ड यांच्या ध्यानात आले. डिक्सन आणि गिफर्ड यांनी १९३० च्या दशकात हे दोन धागे एकत्र बांधले: शहरातल्या रुग्णालयात माणसे मारणारा दुर्मीळ रोग आणि खोऱ्यातल्या मजुरांचा रोजचा ताप हे एकच होते. मला हा या कथेतला सर्वांत मोठा क्षण वाटतो. तो प्रयोगशाळेत आला नाही. खोऱ्यातली माणसे आपल्या तापाला काय म्हणतात हे ऐकून घेणाऱ्या एका परगणा-डॉक्टरमुळे तो आला.

मातीचा पुरावा त्याच्याही थोडा आधी मिळाला होता. डिलेनो गावाजवळच्या एका मोठ्या शेतावर मजूर आजारी पडले होते, आणि १९३२ साली स्ट्यूअर्ट आणि मायर यांनी तिथल्या मातीतून ही बुरशी वेगळी काढली. तेव्हापासून 'मातीतली बुरशी' हे शब्द पक्के झाले. त्यानंतरच्या काळात ओक्लाहोमा आणि टेक्सासकडच्या कोरड पडलेल्या शेतांतून उठलेली कुटुंबे कामासाठी खोऱ्यात येत होती. त्यांची शरीरे या बुरशीला अनोळखी होती, आणि कापसाच्या, द्राक्षांच्या, बटाट्यांच्या शेतांत धूळ खात राबणे हेच त्यांचे काम होते. स्टॅनफर्डचे चार्ल्स स्मिथ १९३७ पासून कर्न आणि तुलारी परगण्यांत हिंडून रुग्णांना भेटू लागले. त्यांनी शेकडो रुग्णांचे टिपण केले. धूळ अंगावर घेतल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात, उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात रुग्ण वाढतात, पाऊस पडला की कमी होतात, हे त्यांनी मांडले. त्वचेत बुरशीचा थोडा अर्क टोचून कुणाला हा रोग होऊन गेला आहे ते सांगणारी चाचणीही त्यांनी व्यवस्थित बसवली. स्मिथ यांचे काम इतके नेटके होते की पुढची वीस वर्षे या रोगाबद्दल जो विचार झाला तो त्यांनी आखलेल्या चौकटीत झाला. त्या चौकटीच्या मध्यभागी धूळ होती.

मग युद्ध आले. स्वच्छ आकाश आणि सपाट जमीन पाहून लष्कराने सॅन वाकीन खोऱ्यात वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे तळ उभारले: मिंटर, गार्डनर, लेमूर, मर्सेड. देशभरातून हजारो निरोगी तरुण तिथे आले, आणि स्मिथ यांना कुठल्याही संशोधकाला न मिळणारी संधी मिळाली. प्रत्येक सैनिकाची आल्यावर चाचणी, नंतर ठरावीक काळाने पुन्हा चाचणी. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण साठ टक्के लोकांना काहीच जाणवत नाही ही जी संख्या आजही पाठ्यपुस्तकांत असते, ती या तळांवरच्या अभ्यासातून आली. बुरशी शरीरभर पसरण्याचा धोका कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो सैनिकांत जास्त दिसला. तळांवर धावपट्ट्या आणि रस्ते पक्के केले, मोकळ्या जागी हिरवळ लावली, उघड्या मातीवर तेल शिंपडले, आणि संसर्गाचे प्रमाण निम्म्याने, काही ठिकाणी त्याहूनही जास्त घटले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढ्या साध्या उपायाचे एवढे चांगले फळ क्वचित दिसते, आणि ज्या मुलांची फुप्फुसे त्यामुळे वाचली त्यांच्या दृष्टीने बुरशी बिळात राहते की बांधावर हा प्रश्न बिनमहत्त्वाचा होता. पण या यशाची एक बाजू अशी की धूळ दाबली की रोग दबतो हे सिद्ध झाल्यावर धूळ येते कुठून, हे विचारण्याची निकड संपली. धूळ हे वाहन आहे. वाहन अडवता आले की ते कुठून निघाले याचा तपास सहसा थांबतो.

ज्यांनी तो थांबवला नाही त्यांत बुरशीतज्ज्ञ चेस्टर एमन्स होते. १९४२ सालीच त्यांनी ॲरिझोनातल्या सॅन कार्लोस भागात रानउंदीर पकडले आणि त्यांच्या फुप्फुसांत ही बुरशी सापडल्याचे जाहीर केले. पॉकेट माउस, कांगारू-उंदीर, जमिनीत बिळे करणाऱ्या खारी: वाळवंटाच्या पोटात राहणाऱ्या या प्राण्यांत संसर्ग होता, आणि आसपासच्या मातीतही बुरशी होती. उंदीर हा या रोगाचा साठा असावा, त्याच्याकडून बुरशी मातीत जात असावी, असा एमन्स यांचा तर्क होता. यावर आलेला आक्षेप सरळ होता, आणि त्याला वजनही होते. माणूस धुळीतून आजारी पडतो तसा उंदीरही पडतो. त्याच्या फुप्फुसात बुरशी मिळाली एवढ्यावरून तो यजमान ठरत नाही, बळीच ठरतो. शिवाय ही बुरशी प्रयोगशाळेत साध्या अन्नावर बिनतक्रार वाढते, तिला जिवंत प्राण्याची गरज आहे असे दिसत नाही. नंतर एमन्स यांचाही आपल्या तर्कावरचा जोर ओसरला, आणि मातीत राहणारी, अपघाताने प्राण्यांच्या वाटेत येणारी बुरशी हेच चित्र रूढ झाले. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे: एका आजारी उंदरावरून काहीच ठरत नाही. दुसरा भाग मात्र फसवा आहे. एखादा जीव काचेच्या बशीत कशावर जगू शकतो आणि रानात शेकडो स्पर्धकांच्या गर्दीत कशावर तगून राहतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बशीत तिच्या वाट्याला एकटीचे ताट येते. जमिनीत तसे ताट कुणालाच मिळत नाही.

१९५० च्या दशकात उत्तर हवापाण्याकडे वळले. पशुवैद्यक कीथ मॅडी यांनी १९५७ साली दाखवले की बुरशीचा मुलूख आणि जीवशास्त्रज्ञ ज्याला 'लोअर सोनोरन' पट्टा म्हणतात तो मुलूख बराचसा एकच आहे: तापलेले उन्हाळे, गोठवणाऱ्या थंडीचे मोजके दिवस, वर्षाला थोडासा पाऊस, क्षारयुक्त जमीन, आणि माळभर क्रिओसोटची झुडपे. कर्न परगण्यात रॉजर एगेबर्ग आणि त्यांचे सहकारी मातीच्या रसायनात खोल गेले. आपल्याकडचा शेतकरी जिला चोपण म्हणतो तशा खारवट जमिनीत बुरशी तग धरते, कारण तिच्याशी स्पर्धा करणारे बरेच सूक्ष्मजीव तिथे हरतात. कडक उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर इतका तापतो की तिथले बहुतेक जीव मरतात, बुरशी खालच्या थरात जिवंत राहते, आणि हिवाळी पाऊस आला की रिकाम्या झालेल्या वरच्या थरात पुन्हा पसरते. ही मांडणी सुंदर आहे आणि तिचा गाभा आजही टिकून आहे. पण ती मुलखाचे वर्णन करते, जागेचे नाही. मैलोन्‌मैल एकाच हवामानाची, एकाच क्षाराची, एकाच झुडपांची जमीन पसरलेली असते, आणि तीत बुरशी सापडते ती ठिपक्याठिपक्यांनी. एका ठिकाणी मातीचा नमुना भरघोस निघतो आणि पुढचे कितीतरी नमुने कोरे. हवामान, क्षार, उष्णता ही कारणे ठिपके पाडत नाहीत. ती सगळीकडे सारखी असतात. ठिपके पाडणारी काहीतरी दुसरी गोष्ट हवी, आणि एगेबर्ग यांच्याच नमुन्यांत ती दिसत होती: उंदरांच्या बिळांपाशी घेतलेली माती जास्त वेळा बुरशी देत होती. १९६७ साली मॅडी आणि क्रेसेलियस यांनी तर संसर्ग झालेले प्राणी आणि त्यांचे अवयव निर्मळ जमिनीत पुरून पाहिले, आणि त्या जमिनीत बुरशीचे बस्तान बसले. हवामानाचा नकाशा आखणाऱ्या माणसानेच हा प्रयोग केला याचे मला विशेष वाटते. आपला नकाशा कुठे अपुरा पडतो हे त्याला इतरांपेक्षा चांगले दिसत असणार.

माणसाने स्वतः केलेली एक जागाही याच दिशेला बोट दाखवते. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या वस्त्यांजवळ उकिरडे सापडतात: राख, शिंपले, हाडे, केस, अन्नाचे अवशेष शतकानुशतके साठून तयार झालेली काळी, भुसभुशीत माती. १९७० साली उत्तर कॅलिफोर्नियात चिको गावाजवळ अशा एका जुन्या वस्तीचे उत्खनन करणारे पुरातत्त्वाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आजारी पडले. गेलेल्या शंभरेक जणांपैकी निम्म्याहून अधिक. ही जागा रूढ मुलखाच्या बरीच उत्तरेला होती. चार वर्षांनी लेसी आणि स्वाटेक यांनी अशा उकिरड्यांची माती आणि शेजारची साधी माती यांची तुलना केली, तेव्हा बुरशीचा कल उकिरड्याकडे दिसला. २००१ च्या जूनमध्ये यूटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, डायनासॉर नॅशनल मॉन्युमेंटमध्ये, प्राचीन माणसांच्या एका खडकाळ आसऱ्यापाशी काम करणाऱ्या दहा जणांना याच बुरशीचा न्यूमोनिया झाला. तिथे ती असेल अशी कुणाची कल्पना नव्हती. नेब्रास्कात मिळालेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या एका रानगव्याच्या जबड्यातही या बुरशीच्या पिशव्यांचे अवशेष ओळखले गेले आहेत, आणि नेब्रास्का या रोगाच्या रूढ नकाशात बसत नाही. या जागांचे हवामान वेगवेगळे आहे. समान काय असेल तर तिथे प्राणी राहिले, मेले, आणि त्यांचे काहीतरी मातीत उरले.

हे उरलेले काहीतरी बुरशीला खाता येते का, याचे उत्तर तिच्या जनुकांनी दिले. मातीत राहणाऱ्या बहुसंख्य बुरशा पालापाचोळ्यावर, मुळांवर, लाकडावर जगतात, आणि वनस्पतींच्या पेशींची भिंत फोडणारी रसायने त्यांच्याकडे भरपूर असतात. कॉक्सिडिऑइडिसच्या दोन जाती आहेत; दोन्हींचा जनुकसंच २००९ साली तिच्या नातेवाइकांशी ताडून पाहिला गेला, तेव्हा वनस्पती पचवणारी ही जनुके तिच्यात कमी झालेली आढळली. उलट प्रथिने, आणि त्यातही केस, नखे, शिंगे ज्याची बनलेली असतात ते केराटिन पचवणारी जनुके वाढलेली होती. तिचा गण ओनिजिनेलिस. आपल्याकडे नायटा आणि गजकर्ण करणाऱ्या बुरशा याच गणातल्या. त्या जिवंत माणसाच्या कातडीवर जे करतात ते ही बिळातल्या मेलेल्या उंदराच्या केसांवर करते असे मानणे म्हणूनच तर्काला धरून आहे. २०१९ साली जॉन टेलर आणि ब्रिजेट बार्कर यांनी एमन्स यांचा जुना विचार नव्या पुराव्यांसह पुन्हा मांडला. त्यांच्या मते बुरशी लहान सस्तन प्राण्याच्या शरीरात फारसा त्रास न देता दबून राहते, प्राणी मेला की तंतू होऊन त्याचे शरीर खाते, आणि ते संपले की कणांचा साठा मागे ठेवते. या चित्रात पिशवीचे रूप म्हणजे माणसाला छळण्यासाठी घडलेले अस्त्र नसते. तो जिवंत प्राण्यात वाट पाहण्याचा प्रकार असतो, आणि माणूस त्या व्यवस्थेत चुकून शिरलेला परका असतो.

याला उत्तर देणारे म्हणतील की मोठ्या साथी बिळांशी कुणी खेळल्यामुळे आल्या नाहीत. २० डिसेंबर १९७७ रोजी कर्न परगण्यात भयंकर वादळ झाले, जमिनीचा थर उडाला, धूळ शेकडो किलोमीटर उत्तरेला सॅक्रामेंटोपर्यंत गेली, आणि जिथे वर्षाला मोजके रुग्ण व्हायचे तिथे शंभराहून अधिक झाले. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात डोंगरउतार घसरले, धुळीचे ढग सिमी व्हॅलीवर आले, आणि व्हेंचुरा परगण्यात २०३ रुग्ण आणि तीन मृत्यू या ढगांशी जोडले गेले. हे दोन्ही प्रसंग खरे आहेत आणि कुणी नाकारू नयेत. पण त्यांनी जी समजूत पसरवली, की धुळीचे वादळ म्हणजे रोग, ती पुराव्यावर टिकत नाही. ॲरिझोनात धुळीची वादळे दरवर्षी होतात. भूगोलतज्ज्ञ अँड्रू कॉम्री यांनी २०२१ साली वादळांची नोंद आणि रुग्णांची नोंद एकमेकांसमोर ठेवली, तेव्हा त्यांच्यात सातत्याचा संबंध सापडला नाही. धूळ सारखीच असती तर असे झाले नसते. १९७७ च्या वादळाने जमीन खोलवर उकरली, १९९४ च्या भूकंपाने डोंगरांचे पोट फोडले, आणि रानातल्या न नांगरलेल्या, बिळांनी भरलेल्या उतारांतली माती वर आली. रोजचे वादळ वरवरची धूळ उचलते, आणि तापून भाजून निघालेल्या त्या धुळीत बुरशी थोडीच असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि मी तो टाळणार नाही. संशोधकांनी बिळे जास्त तपासली म्हणून बिळांत जास्त सापडले, असे नसेल कशावरून? बीळ हा उंदरांचा मुक्काम आहे तसा ओलावा टिकवणारा, उन्हापासून वाचवणारा खड्डाही आहे. बुरशी तिथे सावलीसाठी राहत असेल, उंदरासाठी नव्हे. याचे उत्तर मिळायचे तर बीळ आणि पृष्ठभाग यांचे नमुने एकाच माळावर, एकाच पद्धतीने, मोठ्या संख्येने घ्यायला हवेत, आणि उंदीर असलेल्या जागा उंदीर हटवलेल्या जागांशी ताडायला हव्यात. कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो पठारावर गेल्या काही वर्षांत असे काम झाले आहे. महाकाय कांगारू-उंदराचे ते मोठे वस्तीस्थान आहे. बिळांतल्या मातीत बुरशी वरच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त वेळा मिळाली. सावली आणि उंदीर यांपैकी कशाचा वाटा किती, याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही, आणि मला वाटते तो पुरा होईल तेव्हा दोघांचाही वाटा निघेल. बीळ उंदरानेच खणलेले असते; सावलीही त्याचीच देणगी. सावली एकटी पुरेशी असती तर प्रत्येक दगडाखाली बुरशी मिळाली असती.

हा वाद केवळ बुरशीच्या अभ्यासकांपुरता नाही. घर कोणते मानायचे यावर कोण आजारी पडणार आणि कुणाला सावध करायचे हे ठरते. रोग मुलखात आहे असे मानले की मुलखात राहणारे सगळे सारखेच धोक्यात, आणि सगळेच धोक्यात म्हटले की कुणाचीच काळजी घेतली जात नाही. २०११ ते २०१४ या काळात सॅन लुईस ओबिस्पो परगण्यात सौरऊर्जेचे दोन मोठे प्रकल्प उभे राहत असताना ४४ कामगारांना व्हॅली फीव्हर झाल्याची नोंद झाली. आसपासची वस्ती त्याच हवेत, त्याच उन्हात राहत होती. गवताळ जमीन उपटून सपाट करण्याचे काम मात्र या माणसांच्या वाट्याला आले होते. सॅन वाकीन खोऱ्यातल्या अव्हेनल आणि प्लेझंट व्हॅली या तुरुंगांत कैद्यांमध्ये रोग इतका वाढला की २०१३ साली संघराज्याच्या न्यायालयाने जास्त धोका असलेल्या कैद्यांना तिथून हलवण्याचा आदेश दिला. कैद्यांना जागा निवडता येत नाही. रोजंदारीवरच्या कामगारालाही फारशी येत नाही. भारतात ही बुरशी वस्तीला नाही, पण अमेरिकेत राहून आलेल्यांत इथेही तिचे रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि फिनिक्स किंवा बेकर्सफील्डहून पुण्याला परतलेल्या माणसाची छातीतली गाठ पहिल्यांदा क्षयाचीच समजली जाण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून डॉक्टरने विचारायचा प्रश्न फक्त 'कुठे राहत होता' एवढा पुरेसा नाही. 'तिथे कुठली जमीन खणली' हाही विचारायला हवा.

२०१० आणि २०११ साली वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय भागात, मॅडींच्या नकाशापासून खूप उत्तरेला, तीन जण आजारी पडले. त्यांतले कुणी अलीकडे रोगाच्या मुलखात गेलेले नव्हते. आरोग्य खात्याची माणसे या वेळी रुग्णांच्या पाठोपाठ थेट जमिनीपर्यंत गेली, आणि एका रुग्णाच्या शरीरातली बुरशी आणि तिथल्या मातीतली बुरशी जनुकांच्या पातळीवर सारखी निघाली. नकाशाची रेघ पुन्हा वर सरकली. कॅरिझो पठारावर मात्र एक वेगळा पेच उभा आहे. तिथला कांगारू-उंदीर नामशेष होण्याच्या वाटेवरचा प्राणी म्हणून कायद्याने संरक्षित आहे, त्याची बिळे मोडायची झाली तर आधी त्याला पकडून दुसरीकडे सोडावे लागते, आणि त्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ बिळांची मोजणी करतात, जागा नकाशावर टिपतात. उंदरासाठी तयार होणारा तो नकाशा जमीन सपाट करायला आलेल्या कामगारांच्या मुकादमाच्या हाती पहिल्या दिवशीच द्यायला हवा.